उलटा के

सलग अकरा सामने गेले.
अकरांत मिळून चौदा धावा,
त्यातल्या चार तर समोरच्यांनी झेल सोडले म्हणून.
मालक म्हणतो, नव्या बॅट्स मागवू, मेपलच्या.
दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.
मी मान हलवतो. पगार तोच देतो.

रात्रीचे साडेअकरा.
मिसिसिपीवरून उठलेल्या पंखमाश्या,
एका रात्रीच्या आयुष्याच्या,
डगआउटच्या पायऱ्यांवर ढीग होऊन पडल्यात.
बॉयलरच्या खोलीत मी, आणि पडद्यावर मोंतिया:
पुढे, मागे, पुन्हा पुढे.
इथं पाय उचलला.
इथं चेंडू पिचरच्या हातातून सुटला.
इथं पाय अजून हवेतच.
पाहुणे घरात शिरलेत
आणि हा अंगणात चपला शोधतोय.

मनगटं सोन्यासारखी आहेत पोराची.
पण दर रविवारी मराकायहून फोन येतो,
आई एकच विचारते: होमरन किती?
मग प्रत्येक चेंडू त्याला
कुंपणापलीकडे, थेट घरी धाडायचा असतो.

स्ट्रॅन्डचं वेगळंच. तो मारतच नाही.
तिसरा स्ट्राइक नाकासमोरून जातो
आणि हा बॅट खांद्यावर घेऊन उभा,
शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा.
काय काय नाही सांगितलं त्याला!
हनुवटी खाली. श्वास सोड.
धीर धर. धीर सोड.
एकदा तर बापाबद्दलही विचारलं.

बूथला मी काहीच सांगत नाही.
बूथ छत्तीस वर्षांचा आहे.

मग वॉन्डा क्रेजची जिना उतरून आली.
तीस वर्षं ती शिसपेन्सिलीनं सामने लिहिते.
बॅट फिरवून बाद झाला, तर सुलटा के.
नुसता बघत राहून बाद झाला, तर उलटा.
वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, मोज.

स्ट्रॅन्डचे उलटे के सतरा.
पंधरा आपल्याच मैदानावरचे.
पंधराच्या पंधरा सहाव्या डावानंतर.

"सहाव्या डावानंतर काय होतं?"
"अंधार पडतो," ती म्हणाली,
आणि चष्मा पुसत बसली.

डावीकडचा तिसरा खांब.
एप्रिलपासून त्यावरचे चार दिवे गेलेत.
पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू
सरळ काळोखात शिरतो
आणि निघतो तो कॅचरच्या हातमोज्यात.

"मग बाकीचे कसे फिरवतात?"
"अंदाजानं. सुलटे के मोज की."

म्हणजे नऊ जणांत हा एकटा प्रामाणिक:
दिसलं नाही, म्हणून मारलं नाही.
आणि मी दोन महिने
त्याच्या स्वभावावर लेप लावत होतो.

आता खरं सांगायचं तर
दिवे लागले तरी आम्ही काही पहिले येणार नाही.
मोंतियाचा पाय जमिनीवर यायला ऑगस्ट उजाडेल,
आईला कुणीतरी समजावलं तर जुलै.
बूथचे गुडघे बूथबरोबरच निवृत्त होतील.
आणि दिवे? मालकानं बॅट्सचे पैसे
काल भरून टाकलेत.

रविवारचा सामना दुपारी होता. रणरणतं ऊन.
पहिला चेंडू स्ट्रॅन्डनं सोडला. दुसरा मारला,
आणि तो आवाज,
जो या मैदानात जूनपासून कुणी ऐकला नव्हता,
पॉपकॉर्नवाली पोरगीसुद्धा वळून बघायला लागली.
चेंडू मधल्या कुंपणापर्यंत गेला.
तिथं त्यांच्या एका उंच पोरानं
पाठमोरं धावत धावत तो झेलला.

बाद. बारावा पराभव.
वर खिडकीत वॉन्डानं आठाचा आकडा लिहिला
आणि त्याच्याशेजारी, कुठल्याच नियमात नसलेलं,
एक बारीक टिंब दिलं.

स्ट्रॅन्ड परत आला, हेल्मेट काढलं,
माझ्याजवळ बसून बराच वेळ पाणी प्यायला.
मग म्हणाला, "शिवण दिसली मला.
लाल असते ना ती,
विसरलोच होतो."