शेवटची सायकल

पार्क चौकात पावणेसहाला अकरा सायकली.
गड्ड्यावरचे पाळणे अजून उतरवायचेत,
धुक्यात त्यांचे सांगाडे उभे.
अंबादास येमूल शिट्टी फुंकून सांगतो:
नान्नज, हुरडा, परत.
कुणाला मागं टाकायचं नाही.

म्हणजे मी. पंप माझ्याकडे,
पंक्चरची डबी माझ्याकडे,
जो दमेल त्याच्या मागे मी.
दोन वर्षं झाली, या माणसांचे चेहरे मला
टपरीवरच दिसतात.
एरवी पाठी.

रेहाना बागवानची पाठ चढाला डावीकडे कलते.
बिराजदार डॉक्टरांच्या सदऱ्यावर घाम
आधी तळ्याएवढा, मग तालुक्याएवढा.
इरय्या स्वामी पुढच्याशी कन्नडात बोलतो, मागच्याशी मराठीत,
चेन निसटली की तेलुगूत.
तेवढंच तेलुगू येमूलनं त्याला शिकवलंय.

पहिली टपरी. मी पोचते तेव्हा
बाकीच्यांचे ग्लास उलटे,
माझ्या चहावर साय.
टपरीवाला म्हणतो, "दमलाव काय ओ मॅडम?"
नाही म्हणते. दम लागलेला असतो,
पण तो माझा नसतो, बिराजदारांचा असतो.

दुसरी टपरी. सुशीला.
एका प्लेटीत चार चमचे, वर शेव, कुणाचा तरी कोपर.
"मला सुशीला आवडते," डॉक्टर म्हणतात,
आणि दर रविवारी सगळे
पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

मग रस्ता उघडतो.
हरभऱ्यावर आंब, करडईचे काटेरी बांध,
ज्वारी इतकी उंच
की पुढच्या वळणावर दहा जण
एकेक करून कणसांत विझतात.

नान्नजला सोजरबाईंची आगटी पेटलेली.
गूळभेंडीचं कणीस त्या राखेतून काढतात
आणि तळहातावर चोळतात,
त्यांच्या हाताला भाजत नाही, आपल्या जिभेला भाजतं.
शेंगाचटणी, दही, गूळ,
पुन्हा शेंगाचटणी.
येमूल घड्याळ बघतो. कुणीच उठत नाही.
मीही नाही, पण मी उठले काय, बसले काय,
शेवटचीच.

परतताना वारा समोरून.
बाभळीचा काटा, आणि माझंच मागचं चाक बसलं.
हाक मारली,
वाऱ्यानं ती माझ्याच तोंडात परत कोंबली.
दहा पाठी लहान होत गेल्या.
मग नुसता रस्ता.

बाटलीत पाणी नव्हतं, भोक सापडेना.
ट्यूब ओठांजवळ धरून फिरवली
तेव्हा एका जागी बारीक फुंकर लागली,
झोपलेल्या पोराच्या नाकाजवळ लागते तेवढी.
घासलं. सोल्यूशन लावलं. फुंकत बसले.

माळावरून काळवीट आले, नऊ.
डांबरावर खूर टकटक वाजवत
रस्ता ओलांडून गेले.
शेवटची मादी मध्येच थांबली, माझ्याकडे पाहिलं.
तिच्याकडे पंप नव्हता.
गेली.

तिकडे रसवंतीवर, नंतर कळलं,
येमूलनं अकरा ग्लास सांगितले.
दहा प्यायले गेले. अकराव्यावर
माशी बसली, उडाली, पुन्हा बसली,
तेव्हा कुणीतरी विचारलं, हा कुणाचा?

मी शेवटचे पंप मारत होते,
समोरून एक सायकल येत होती, वेगात, वारा पाठीला घेऊन.
रेहाना.
रस्त्यावर तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.
पुटपुटत चालवते ती. काय, ते कळलं नाही.

"झालं?"
"झालं."
तिनं सायकल वळवली आणि थांबून राहिली,
मी पुढं निघेपर्यंत.

दोन किलोमीटर माझ्यापुढं कुणीच नव्हतं.
मान सारखी वळत होती.
शेवटी न राहवून विचारलं,
"रेहाना, माझी पाठ कशी दिसते गं?"

बराच वेळ नुसती चेन वाजली.
"टी-शर्ट उलटा आहे," ती म्हणाली.
"मानेवर लेबल बाहेर आलंय.
सकाळपासनं असणार."