उसना दीड तास

रुवीच्या बस स्टँडमागे, सोनाराच्या आणि पराठेवाल्याच्या मध्ये
आमचं तिकिटांचं ऑफिस.
भिंतीवर दोन घड्याळं,
एकाखाली मस्कत, एकाखाली मुंबई.
मुंबईचं घड्याळ दर उन्हाळ्यात सेल खातं.

दाऊदभाई चौगुले महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी यायचे,
सोहारहून, नखांत क्रेनचं ग्रीस घेऊन.
तिकीट काढायचे नाहीत. विचारायचे,
'किती लांब हाय रे आता?'
जणू मधल्या महिन्यात समुद्र थोडा आटला असेल.

मी सांगायचो, सोळाशे किलोमीटरला थोडं कमी.
अडीच तास. वारा पाठीशी असला तर दहा मिनिटं वाचतात.
'आन् बाणकोट?'
बाणकोट माझ्या स्क्रीनवर नाही, दाऊदभाई.
'नाय कसा? माझा आजा
बाणकोटास्नं गलबतात कौलं भरून हितं आला,
खजूर घेऊन माघारी गेला.
त्याला कुठला किलोमीटर?
मस्कत म्हंजे तीन पिंपं पानी, म्हनायचा.
वारा पडला, तर चार.'

मी हसलो होतो तेव्हा.
पण पुढे कितीतरी दिवस
समोरच्याला भाडं सांगता सांगता
मनात पिंपं मोजत राहिलो.
कोट्टयमच्या नर्सबाईंना तीन पुरतील.
पोखऱ्याच्या पोराच्या वाटेत गोडं पाणीच फार,
तरी त्याला पाच.

यंदा मार्चमध्ये ते सोमवारीच आले.
इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ.
'एकेरी,' म्हणाले.
आधी मत्राहचं बंदर, मग सोहार, मिळून एकतीस वर्षं,
आणि हा शब्द त्यांनी असा ठेवला काउंटरवर
जशी कुणी खोलीची किल्ली ठेवतं.

मी सवयीने बोलत गेलो:
इथून रात्री अकराला सुटेल, तिथे पहाटे तीनला टेकेल.
'म्हंजे चार तास?'
अडीचच. वरचा दीड घड्याळाचा.
येताना उलटं. चारला निघालं की पाचला इथे.

ते थांबले. बोटांच्या पेरांवर काहीतरी मांडलं,
पुसलं, पुन्हा मांडलं.
'म्हंजे पयल्यांदा उतरलो तवा
ह्या मुलखानं दीड तास उसना दिला मला.
रजेला गेलो की फेडायचा,
परत आलो की पुन्हा घ्यायचा.
बरं झालं सांगितलंस.
आता ह्यो शेवटचा.'

रियाल मोजून दिले, बैसासकट.
पावती मागितली.
पावतीत त्या दीड तासाला रकाना नव्हता.

ते गेल्यावर मी स्टुलावर चढलो,
मुंबईच्या घड्याळात नवा सेल घातला,
काटा धरला,
आणि क्षणभर आठवेना,
मिळवायचा की वजा करायचा.
चार वर्षं मी गेलेलो नाही.

खाली आमचा शिपाई, सलीम,
कूलरवर पाण्याचा नवा कॅन उलटा करत होता.
एक मोठा बुडबुडा
सावकाश वर गेला.