फिटलं

चॅपेलची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून लोक मलाच विचारतात:
ही कोण? ही नाक नसलेली?
नाक होतं. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं.
आधी नाक, मग ओठ. आता
डाव्या हाताची मूठ तेवढी शाबूत आहे
आणि मुठीतली काडी.

हेलवेन. मिठागरवाल्या गुर्वालची थोरली.
ब्रिटनीच्या या टोकाला, जिथं जमीन
संपावं की नाही हे रोज दोनदा ठरवते,
तिथं बापामागे ती मीठ ओढायची,
टाचा तडकलेल्या, हातात लाकडी फावडं.
उधारीनं द्यायची. लिहिता येत नव्हतं.
हेझलची काडी घ्यायची, मापामागे एक खाच,
मग काडी उभी चिरायची:
अर्धी घेणाऱ्याला, अर्धी हिच्या आढ्याला.
सोडणारी नव्हती हं. चांगली नव्हती.
हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगते.
मासेवाल्या कादोची गाय तिनं दोन खाचांपायी
दावं सोडून नेली, भर थंडीत,
त्याची बायको ओरडत मागं धावली,
हिनं वळूनही पाहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात ताप आला.
पाद्री रात्रीतून होडी घेऊन गेला
(होडीही उसनीच).
राहिली प्रेतं. आणि हेलवेन,
तिला ताप शिवला नाही.
सांगणारे सांगतात, देवदूत उभा होता.
माझी आई म्हणायची, कसला देवदूत?
हाडात मीठ मुरलेलं, नासणार कशी?

पहिला खड्डा कादोचा.
लॅटिनचा एक शब्द येत नव्हता तिला.
काठावर उभी राहिली, बराच वेळ,
मग घराकडे चालू लागली.
लोकांना वाटलं, हीसुद्धा पळाली.
आली ती आढ्याची काडी घेऊन.
गुडघ्यावर मोडली.
म्हणाली, फिटलं.
आणि माती ओढली, मीठ ओढावं तशी.

एकेचाळीस खड्डे, एकेचाळीस काड्या.
शेवटी शेवटी आढं रिकामं झालं.
ज्यांनी कधी चिमूटभरही घेतलं नव्हतं
त्या तान्ह्या पोरांसाठी
ती रात्री बसून कोऱ्या काडीवर खाच पाडायची,
सकाळी मोडायला काही हवं म्हणून.
मिठाला जागायचं असतं ते खाणाऱ्यानं.
इथं देणारी जागली.

गाय?
गाय तिनं परत नेऊन बांधली.
कादोची बायको बोलली नाही.
मरेपर्यंत बोलली नाही.

रोमच्या यादीत हिचं नाव नाही.
बिशपच्या कचेरीला मी एकदा पत्र टाकलं,
उत्तर आलं: पुरावा जोडा.
काय जोडू? काडीचे तुकडे?

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी वीसेक माणसं येतात.
बँकेतली मारिवॉन येते, शिंपलेवाला गोलवेन येतो,
एक बाई फार लांबून येते, नाव सांगत नाही.
काडी मोडतात, कट्कन आवाज होतो,
बाहेर जाऊन सिगारेट ओढतात.
कोण कुणाचं काय सोडतंय, विचारायचं नसतं.
मी झाडून घेते. चुलीला चालतात.

माझीही एक आहे, अठरा वर्षांची.
भाऊ तांगी. आईला शुद्ध नव्हती
तेव्हा त्यानं तिच्या बोटांत पेन धरवलं,
आणि घर गेलं.
दरवर्षी खिशात घालून नेते. दरवर्षी परत आणते.
आता वाळून कडक झाली आहे, सहज मोडेल.
यंदा गुडघ्यावर ठेवलीसुद्धा,
तेवढ्यात दारात कुणी आलं, टोपी काढून विचारू लागलं,
ही कोण,
ही नाक नसलेली?
काडी खिशात टाकली
आणि सांगायला लागले.