मुरड

ब्रेशियातल्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं
मी दुसऱ्यांच्या सुऱ्या वापरल्या.
सिन्योरा फाउस्तासाठी सफरचंद इतकं पातळ कापायचं
की दात नसलेल्या तोंडात ते आपोआप विरावं.
सुरी बोथट झाली की तिचा मुलगा नवी आणायचा,
जुनी कचऱ्यात.
मी काही बोलले नाही. पगार वेळेवर होता.

आता मारामुरेशला परतलेय, ईझा नदीकाठी,
आणि आईच्या फळीवर तीन सुऱ्या, एक कोयती,
मेंढ्यांची लोकर कातरायची कातर, एक विळा,
सगळ्यांना एकाच रंगाचा गंज.
पहिल्या दिवशी टोमॅटोवर सुरी ठेवली.
टोमॅटो नुसता दबला.

शेजारी गाव्रिला. वय विचारलं तर सांगतो,
"घोडा मेला तेव्हा सत्तर होतो."
घोडा कधी मेला ते कुणालाच आठवत नाही.
कमरेला गाईच्या शिंगाचं नळकांडं,
त्यात पाणी, पाण्यात निसणा.
चालला की आत दगड हलतो, टक, टक,
फाटक वाजायच्या आधीच कळतं कोण येतंय.

"दाबू नकोस," पहिला धडा.
"कोन केवढा?" मी विचारलं.
पात्याच्या पाठीखाली त्यानं
काडेपेटीतल्या दोन काड्या सरकवल्या.
"एवढा. आता काड्या काढ.
आणि आहेत असं समज."

दोन आठवडे मी नसलेल्या काड्यांवर सुरी टेकवत होते.
अंगठ्याला चार चिरा.
दगडावर राखाडी चिखल साठायचा, मी पुसायला जायचे,
तो ओरडायचा, "राहू दे!
तोच काम करतोय. तू नाहीस."

मग एका संध्याकाळी बोटाला लागली
पात्याच्या पलीकडच्या कडेला
बारीक मुरड.
दिसत नव्हती. नख अडत होतं.
"आली?"
"आली."
"म्हणजे ही बाजू झाली. उलटी कर."
येईपर्यंत थांबायचं नाही,
आल्यावर एक घासही जास्त नाही.
मी ब्रेशियाचा हिशेब मनात करून पाहिला.
नख कधी अडलं होतं?
बहुतेक चौथ्या वर्षी.

आईची लहान सुरी त्यानं दिव्याशी धरली,
बराच वेळ फिरवली.
"डावखुरी होती."
"आई? उजव्यानं क्रूस करायची. उजव्यानं जेवायची."
"चर्चमध्ये. चारचौघांत. हे बघ,"
पातं एकाच अंगानं झिजलेलं, नदीनं काठ खावा तसं,
"एकटी असली की डावी."

मी ती डाव्या हातात घेतली.
मूठ बरोबर बसली, पण कांदा काही चिरता येईना.
तिला पुन्हा तशीच पाजवून ठेवली,
तिच्याच बाजूनं.

जूनअखेर त्यानं गवताचा लांब दांड्याचा विळा आणला
आणि ओंडक्यात रोवायची छोटी ऐरण.
"हे आधी ठोकतात. पातं कडेला पातळ करायचं,
निसणा नंतर, शेतात."
तो बसला. हातोडी उचलली.
ती पात्यावर पडायच्या ऐवजी ऐरणीवर पडली.
पुन्हा उचलली, पुन्हा ऐरणीवर.
तिसऱ्यांदा त्यानं ती उचललीच नाही.
मूठ माझ्याकडे करून पुढे धरली,
सुरी देतात तशी.

तर शिकवणी फुकट नव्हती.
डोंगरउतारावर त्याचं दीड एकर गवत उभं होतं,
आणि मुलगा जर्मनीत.

त्या वेळी खोऱ्यात घरोघरी ठोके पडतात,
कानाला सवय असते कुणाचा कुठला.
आमच्या बाजूचा त्या दिवशी वेगळा पडला,
हळू, मध्येच अडखळणारा.
नदीपलीकडे कुणाची तरी हातोडी क्षणभर थांबली
आणि परत सुरू झाली.

सकाळी दव असतानाच गवत कापलं.
वाईट कापलं. प्रत्येक ओळीत
शेंडीसारखे झुपके उभे राहिले.
गाव्रिला मनुकांच्या झाडाखाली बसून बघत होता.
मी घाम पुसत त्याच्याकडे पाहिलं.
"गाईला कळत नाही," तो म्हणाला,
आणि शिंगातला निसणा काढून
माझ्या दिशेनं फेकला.