खळगे भरून घ्या

संगणकाची पहिली सूचना असते: खळगे भरून घ्या.
नाहीतर पाणी अडतं, वाहायचं कुठे ते त्याला कळत नाही.
बंद खळगा म्हणजे मोजणीतली चूक
असं धरून तो काठोकाठ लिंपत सुटतो.

मी लिंपू दिलं.
मग भरलेल्या जमिनीतून न भरलेली वजा केली.
उरलं ते क्रासचं पठार:
चार हजार एकशे सहा खळगे,
प्रत्येकाला क्रमांक, परीघ, खोली.

२२१८ पडताळायला गेले
तर काठावर मिलोय्का, कमरेवर बटाट्यांची टोपली.
"न्येझा, किती म्हणतंय तुझं विमान?"
"नऊ मीटर चाळीस."
"तेरा होता."

सासऱ्यांनी वरचे दगड वेचून तळाशी रचले,
त्यावर तांबडी माती, पाठीवरून, सात हिवाळे.
वर बुर्या वारा मातीचा कणही ठेवत नाही,
खाली कोबीचं पान हलत नाही.
"आणि दगडांखाली सिव्को आहे. बैल.
तो नाही दिसला तुला?"

नाही दिसला.
लेसर जमिनीला लागतो आणि परत फिरतो.

"पाऊस पडला की पाणी जातं कुठे?"
"इथूनच जातं.
निघतं कुठे, ते शिकलेल्यांनी सांगावं."

रात्री तक्त्यात खोली तशीच ठेवली, ९.४०.
शेऱ्याचा रकाना आजवर कोराच असायचा.
लिहिलं:
तळाशी बटाटे. भरू नये.