चढण

बांध मीच घातला.
बोरिवलीच्या पाठीमागे, कुंपण ओलांडून,
उंबरखोंडीच्या ओहोळात. छातीएवढा, सरळसोट.
ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीखही मीच कोरली.

गाळ अडेल, मी म्हणालो.
मुऱ्या अडतील, पवनी वरठा म्हणाली.
मोजवहीत मी गाळ तेवढा लिहिला.

वरच्या कोंडीचं नाव पाड्यात कुणी मोठ्याने घेत नाही,
म्हणून इथेही नाही.
आषाढात तिथे जाळं नाही, गळ नाही.
गाभोळीने फुगलेली मासोळी हाताला लागलीच
तर ‘जा बाय’ म्हणून सोडायची.
नवशाने एकदा ब्लीचिंग पावडर टाकली होती,
पवनीचा सख्खा भाचा.
तिने दंड नाही, राखण लावली. चार पावसाळे.
आता बॅटरी घेऊन रात्रभर तोच बसतो
आणि खालच्या वस्तीतली पोरं
बिबट्याला नाही एवढी त्याला भितात.

पाऊस लागून पंधरवडा झाला
तेव्हा मासे उड्या मारत होते, आदळत होते,
माझ्या तारखेच्या हातभर खाली.

पवनीने अर्ज केला नाही.
बाया आल्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड,
आणि एकेक दगड हलवून, कान देऊन,
बांधाला टेकवत गेल्या.
जिना.
मध्ये मध्ये वाटीवाटीएवढं थांबलेलं पाणी.
‘पोटुशी बाय एका दमात चढंल का?’

साहेबांचा फोन आला : अतिक्रमण काढा.
दोन मजूर घेऊन गेलो.
काठावर त्यांनी चपला काढल्या, का ते सांगितलं नाही.
मग मीही काढल्या.
पाण्यात उतरलो तर घोट्याला घासून
काहीतरी वर गेलं,
थंड, घाईत.

मोजवहीत लिहिलं :
दगड प्रवाहासोबत वाहून आलेले. काढण्याची आवश्यकता नाही.
खाली सही.

‘काय लिवलंस?’
वाचून दाखवलं.
ती हसली नाही.
‘वाहून? खालनं वर आणलेत रे, मानेवर.’
थोडा वेळ वहीकडे बघत राहिली, 
अक्षरं येत नसताना बघतात तशी नव्हे,
अक्षरांना ओळखून असल्यासारखी.
‘ऱ्हाऊ दे,’ म्हणाली.
‘तिसरी पायरी हलते.
धर.’