आता तुमचा डाव

अमारो ग्रान सोलच्या पाण्यात गेला हेक मासा धरायला,
सतरा दिवस झाले. जाताना म्हणाला,
आई, माझं गलबत सांभाळ.
कुठलं रे? तर टीव्हीकडे बोट.

मी मालपिकाची जाळी सांधणारी. एकोणसाठ वर्षांची.
बंदरावर पोत्यावर बसून सुई चालवते,
बोटं आता संध्याकाळी सरळ होत नाहीत.
कंट्रोलर हातात घेतला तेव्हा वाटलं,
कुणी जिवंत खेकडा सोपवून गेलंय.

पडद्यावरचं पाणी सहा कोनांच्या घरांत कापलेलं.
आमच्या जाळ्याचा डोळा चार कोनांचा,
पण कायदा तोच: एक गाठ सुटली की शेजारची सैल.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
वारा पाठीशी असला तर चार घरं, तोंडावर असला तर एक.
तोफेची झेप तीन घरांची.
आणि कडेला धुकं,
अजून कुणी न उघडलेल्या नकाशाचं.

खरं सांगू, आवडलं ते एकच.
हा समुद्र थांबतो.
लाट उचललेली असते, चाच्यांचं जहाज अंगावर वळलेलं असतं,
आणि खाली अक्षरं उमटतात: आता तुमचा डाव.
मग मी उठते, बटाटे उतरवते,
दारात एउदोसियाशी तिच्या गुडघ्याबद्दल बोलते,
परत येते, तर लाट तशीच. तेवढीच उंच.
त्या मार्चमध्ये, सिसार्गा बेटांपाशी, पहाटे
कुणी एवढंच थांबलं असतं तर
तर.
जाऊ दे.

चौथ्या दिवशी खलाशांची यादी सापडली.
अकरा नावं, सगळी आमच्याच चढावरची.
गुमेर्सिंदो सुतार. एउदोसियाचा बहिरा भाऊ.
शाळेत अमारोला नाही म्हणालेली मेलानिया,
तिला त्यानं तोफेवर बसवलंय.
आणि सर्वांत खाली, सुकाणूवर: लिसार्दो.
पातळी नऊ.
गुण: वारा वासावरून ओळखतो.
दोष: गलबतावर शिट्टी वाजवतो.
बाप गेला तेव्हा अमारो पाच वर्षांचा होता.
शिट्टीचं त्याला मी कधीच सांगितलं नव्हतं.

मग मी गलबत हलवलंच नाही.
डाव आला की मुक्काम. डाव आला की मुक्काम.
नऊ दिवस सगळे खानावळीत,
लिंबं, ताजा पाव, कोरडी अंथरुणं,
आणि कोपऱ्यात बारीक आकड्यांनी
उमेद उतरत गेली: साठ, चाळीस, एकवीस.
तळाला शेवाळ धरलं. गुमेर्सिंदो रात्रीतून पळाला.
दहाव्या दिवशी पडदा लाल झाला:
बंड. म्होरक्या लिसार्दो.

मी हसले. स्वयंपाकघरात, एकटीच, मोठ्यानं.
जिवंत असतास तरी हेच केलं असतंस, मेल्या.

रविवारी उपग्रहावरून अमारोचा फोन,
आवाज डब्यातून आल्यासारखा.
आठ मीटरची लाट आहे, म्हणाला,
बाजारभाव सांगावा तसा.
मग विचारलं, भूशिराच्या पुढे गेलीस का?
आज निघतेय.
आधी जतन कर हं. बुडलं तर परत तिथूनच सुरू करता येतं.
हो रे, म्हटलं.

ते बटण कुठे आहे, मला ठाऊक आहे.
अंगठा त्यावर थोडा वेळ ठेवला. मग उचलला.

नांगर वर. वारा पाठीशी, चार घरं.
धुकं फाटलं: पाणी.
पुन्हा चार: पाणी, आणि लिसार्दो शिट्टी वाजवतोय,
बाकीचे कुरकुरतायत.
तिसऱ्या खेपेला एक बेट, बोडकं,
दगडावर एकच पक्षी.
नाव द्या, म्हणतंय.
रिकाम्या चौकटीत एक रेघ लुकलुकते.

बटाटे करपल्याचा वास येतोय.
डाव माझाच आहे.